जिनिंगमधला हेल्पर फिटर कधी होतो, आणि फिटर हेड फिटर कधी?

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या मिलमध्ये, काम करणाऱ्या भावाचा प्रश्न आहे: सात सीझन झाले. हेल्पर म्हणून लागलो, आता रोलर उतरवणं-चढवणं, नाइफ लावणं, बेअरिंग बदलणं सगळं करतो. पगारपत्रकावर मात्र अजून हेल्परच. मालक म्हणतात, तू अजून तयार नाहीस. मी नेमका किती पाण्यात आहे हे मला कसं कळेल? आणि फिटर, पुढे हेड फिटर व्हायचं तर काय करू?

भाऊ, आधी ‘सात सीझन’ हा आकडा तपासू. आपल्याकडे सीझन दसरा-दिवाळीला लागतो आणि मार्च-एप्रिलला आटोपतो. म्हणजे सात सीझन म्हणजे साधारण साडेतीन वर्षांचं काम. त्यातही रोलर काढून देणं हे एकच काम पाचशे वेळा केलं असेल, तर हात तयार झाला, पण नजर तयार झाली असं होत नाही. मालक ‘तयार नाहीस’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना हाताबद्दल काही म्हणायचं नसतं. रात्री दोन वाजता नऊ नंबरचा जिन (सरकी-रुई वेगळी करणारं मशीन) बिघडला आणि हेड फिटर घरी आहे, तेव्हा हा माणूस काय ठरवेल, याची त्यांना खात्री नसते. पायरी ठरते ती यावर. कोणता निर्णय तुम्ही कोणाला न विचारता घेता, आणि तो चुकला तर नुकसान केवढं होतं, हे बघा.

या मापाने जिनिंगमधल्या पायऱ्या अशा दिसतात. हेल्पर सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करतो, चुकलं तर एखादा बोल्ट वाया जातो. ऑपरेटर चालू जिन सांभाळतो. आवाज बदलला, चामड्याचा जळका वास आला, कापूस चोक झाला, तर जिन कधी थांबवायचा हे तो ठरवतो. फिटर बिघाडाचं कारण शोधतो आणि सेटिंग बदलतो. त्याची चूक दिवसभर रुईच्या रूपाने बाहेर जात राहते. हेड फिटर दुसऱ्यांच्या कामाला जबाबदार असतो, सगळी लाइन आणि सगळा सीझन त्याच्या डोक्यात असतो. सरकारने 2013 साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आणली, तिचंही माप असंच आहे. तेव्हाच्या रचनेत तिसऱ्या पातळीवर ठरलेल्या मर्यादेत स्वतःच्या कामाची जबाबदारी होती, चौथीवर स्वतःच्या कामाची पूर्ण, पाचवीवर इतरांच्या कामाची काही आणि सहावीवर इतरांच्या कामाची पूर्ण. त्या वेळी पातळ्या 10 होत्या, 2023 च्या नव्या रचनेत 8 आहेत. आकडे बदलले तरी जबाबदारीचं माप कायम आहे.

आता स्वतःला तपासायचं कसं? तुमची खरी परीक्षा जिनच्या खाली पडणाऱ्या सरकीत आहे, तिथूनच सुरुवात करा.

डबल रोलर जिनमध्ये काय होतं ते तुम्ही रोज बघता. चामड्याच्या खरखरीत रोलरला तंतू चिकटतात आणि फिक्स नाइफखाली ओढले जातात. सरकी नाइफच्या धारेशी अडते, मूव्हिंग नाइफ तिला ठोकून मोकळी करतो आणि ती ग्रिडमधून (खालच्या जाळीतून) खाली पडते. यातलं काहीही बिघडलं की आधी सरकी सांगते. म्हणून प्रत्येक जिनखालून शिफ्टमध्ये दोनदा सरकीचा नमुना घ्या. एकदा शिफ्ट लागल्यावर तासाभराने, एकदा संपायच्या आधी. जिनच्या दोन्ही टोकांची आणि मधली, अशी तीन ठिकाणची सरकी वेगवेगळी ठेवा, एकत्र करू नका. का ते पुढे सांगतो.

या नमुन्यावर दोन मोजण्या करायच्या. पहिली, 100 सरक्या मोजून घ्या आणि त्यातल्या फुटलेल्या, कापलेल्या किती ते लिहा. दुसरी, 100 ग्रॅम सरकी घ्या, तिच्यावर राहिलेले लांब तंतू चिमटीने ओढून काढा आणि ते तंतू सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोला. सरकीच्या अंगावरची बारीक लव यात धरू नका. ती रोलर जिनमध्ये राहणारच, तिला ओढायला गेलात तर आकडा फुगेल आणि उगाच सेटिंगला हात घालाल.

या तंतूंचं महत्त्व हिशेबाने बघा. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, 64 किलोच्या आसपास सरकी, आणि बाकी घट. समजा 100 ग्रॅम सरकीवर अर्धा ग्रॅम तंतू राहिला. म्हणजे 64 किलो सरकीवर 320 ग्रॅम. मिल दिवसाला 500 क्विंटल कापूस ओढत असेल तर 160 किलो रुई सरकीच्या भावात गेली. गाठ 170 किलोची असते, म्हणजे रोज जवळपास एक गाठ. मालकाशी बोलताना ‘मी चांगलं काम करतो’ हे वाक्य आणि ‘माझ्या चार जिनवर अर्धा ग्रॅम होतं, ते पाव ग्रॅमवर आणलं’ हे वाक्य, यातलं कोणतं ऐकलं जाईल ते तुम्हाला कळतंच.

मोजणी कोणीही शिकतो. मोजल्यावर कारण सांगता येणं ही फिटरची पायरी. सरकीवर रुई जास्त राहते आहे, तर नाइफला हात लावायच्या आधी मनात हे प्रश्न यायला हवेत. सगळ्या जिनवर एकाच वेळी राहते आहे की एकाच? सगळ्यांवर असेल तर दोष बहुधा कापसात आहे: ओला लॉट आला, किंवा फरदडीचा (मुख्य पिकानंतर लांबवलेल्या पिकाचा), कवडीचा (किडका, नीट न उमललेला) माल मिसळला. एकाच जिनवर असेल तर मशीनमध्ये. मग त्या जिनच्या पूर्ण लांबीवर राहते की एकाच टोकाला? एकाच टोकाला राहत असेल तर रोलर आणि नाइफमधला दाब दोन्ही बाजूंनी सारखा नाही, किंवा नाइफ रोलरला समांतर बसलेला नाही. तीन ठिकाणचे नमुने वेगळे ठेवायचे ते यासाठी. पूर्ण लांबीवर राहत असेल तर रोलरच्या खाचा बुजून तो गुळगुळीत झालाय का, एकूण दाब कमी पडतोय का, ओव्हरलॅप (मूव्हिंग नाइफ फिक्स नाइफच्या धारेपुढे जातो ते अंतर) कमी आहे का, फीड (जिनमध्ये जाणारा कापूस) जास्त सोडलाय का, ग्रिडच्या फटी मोठ्या आहेत का, या क्रमाने बघायचं. हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. रोलरवरून हात फिरवायला जिन थांबवून दोन मिनिटं लागतात, नाइफची सेटिंग मोडून परत लावायला बराच वेळ जातो आणि ती पहिल्यापेक्षा बिघडूही शकते.

सरकी फुटत असेल तर दिशा उलटी. ओव्हरलॅप जास्त झाला का, दोन नाइफमधलं अंतर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) दोन्ही टोकांना सारखं येतं का, ग्रिडच्या फटी बारीक पडल्याने मोकळी झालेली सरकी खाली न जाता पुन्हा पुन्हा ठोके खाते का, हे बघा. कापसाचा ओलावाही लक्षात घ्या. जिनिंगला 6 ते 8 टक्के ओलावा चांगला. त्यापेक्षा फार कोरडा झाला तर तंतू तुटतो, फार ओला असेल तर चोक होतो, रुई सुटत नाही. खरेदीत 12 टक्क्यांपर्यंतचा कापूस येतो, म्हणून तो तसाच फीडला लावायचा की उन्हात पसरून मग, हा निर्णय तुमच्या सेटिंगपेक्षाही मोठा असतो. ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर फक्त ग्रेडरच्या (कापसाची प्रत ठरवणाऱ्याच्या) हातात का असावा? तुम्हीही लॉटचा आकडा विचारा आणि वहीत लिहा.

इथे एक चूक जवळपास सगळे करतात. रुई राहिली की दाब वाढवायचा. तासाभर फरक दिसतो, मग रोलर तापतो, चामडं जळायला लागतं, मोटर जास्त अँपिअर खेचते आणि रोलर वेळेआधी संपतो. दाब वाढवून सुटलेला प्रश्न सुटलेला धरू नका. रोलर उतरवून खाचा पुन्हा पाडायच्या होत्या, ते काम फक्त पुढे ढकललं गेलं.

आता वही. 200 पानी वही घ्या आणि प्रत्येक बिघाडाला एक ओळ द्या: तारीख, शिफ्ट, जिन नंबर, काय दिसलं, कारण काय वाटलं, कारण काय निघालं, काय केलं, जिन किती मिनिटं बंद राहिला, आणि तोच दोष पुन्हा आला तर किती दिवसांनी. यातले ‘वाटलं’ आणि ‘निघालं’ हे दोन रकाने जिवापाड सांभाळा. ‘वाटलं’ हा रकाना जिन उघडायच्या आधीच भरायचा. नंतर भरला की माणूस नकळत बरोबर उत्तर लिहितो. महिनाअखेरीला मोजा, 20 बिघाडांत पहिला अंदाज किती वेळा खरा निघाला. माझ्या मते 14-15 वेळा खरा निघत असेल तर तुम्ही फिटर आहात, पगारपत्रक काहीही म्हणो. 10 च्या खाली असेल तर तुम्ही चांगले बदलणारे आहात, शोधणारे अजून नाही, आणि कुठल्या दोषात अंदाज चुकतो ते वहीच दाखवेल. बहुतेकांचा बेअरिंगचा अंदाज पक्का असतो आणि ओव्हरलॅपचा कच्चा, कारण बेअरिंग आवाज करतं, ओव्हरलॅप करत नाही.

शेवटचा रकानाही बोलका आहे. तुम्ही केलेलं काम तीन दिवसांत परत आलं तर ते झालंच नव्हतं असं धरा. दोन फिटर तेवढ्याच वेळात जिन सुरू करून देतात, पण एकाचा जिन आठवडाभर चालतो आणि दुसऱ्याचा परवा परत बंद पडतो. मिलमध्ये हा फरक सगळ्यांना माहीत असतो, लिहून कोणी ठेवत नाही. तुम्ही ठेवा.

स्वतःचं माप स्वतः घेताना हात सैल सुटतो, म्हणून महिन्यातून एकदा दुसऱ्याकडून तपासून घ्या. तुम्ही लावलेल्या जिनची सरकी आणि दुसऱ्या फिटरने लावलेल्या जिनची सरकी अशा दोन पुड्या नंबर न टाकता हेड फिटर भाऊंपुढे ठेवा आणि विचारा, यातली बरी कोणती? त्यांनी दोन वेळा दुसऱ्याची उचलली तर वाईट वाटून घेऊ नका, त्या माणसाजवळ उभे राहून तो नाइफ कसा लावतो ते बघा. एकदा असंही करा: तुमच्या हाताखालच्या पोट्ट्याला पूर्ण सेटिंग करू द्या, तुम्ही हात मागे बांधून फक्त बोला. तुम्हाला सतत ‘सरक, मी करतो’ म्हणावंसं वाटत असेल, तर काम तुमच्या हातात आहे, शब्दांत अजून उतरलेलं नाही. फिटरला तेवढं चालतं. हेड फिटरला चालत नाही.

हेड फिटर व्हायला काय लागतं ते जरा खोलात सांगतो, कारण इथेच चांगले फिटर अडकतात.

पहिली गोष्ट, एका जिनऐवजी पूर्ण लाइनचा विचार. एक उदाहरण घ्या. सेटिंग ठीक, कापूस ठीक, सरकी स्वच्छ, तरी सीझनच्या शेवटी रुई कमी पडायला लागते. का? समजा रोलरचा व्यास 180 मिलिमीटर होता आणि झिजून, खाचा पाडून 150 झाला. फेरे मिनिटाला 100 च राहिले. पण रोलरचा पृष्ठभाग आधी मिनिटाला साधारण 56 मीटर सरकत होता, आता 47. सहावा हिस्सा गेला. यात कोणाचा दोष नाही, पण हेड फिटरला हे आधी दिसायला हवं आणि कोणत्या जिनला नवे रोलर, कोणत्याला जुने, याची वाटणी करता यायला हवी. सगळे जुने रोलर एकाच ओळीत लावले तर ती ओळ मागे पडते आणि ऑपरेटर फीड वाढवून भरपाई करू बघतो, की चोक सुरू.

दुसरी गोष्ट, पावसाळ्यातलं काम. हेड फिटरची निम्मी परीक्षा मे ते सप्टेंबरमध्ये होते. वहीतून कोणत्या जिनचं बेअरिंग किती वेळा गेलं ते काढायचं, सुट्या भागांची यादी जूनमध्ये द्यायची. सप्टेंबरमध्ये सगळ्या मिल एकदमच रोलर आणि नाइफ मागतात, तेव्हा मिळेल तो माल घ्यावा लागतो. गिअर बॉक्सचं तेल, प्रेसचे सील, पट्टे, फॅनचे पंखे, सगळं उघडून बघायचं. पक्की यादी देणारा माणूस मालकाचे पैसे वाचवतो, आणि मालकाच्या ते लक्षात राहतं.

तिसरी गोष्ट आग. कापसात दगड, खिळा आला, रोलर तापला, बेअरिंग जाम झालं, की ठिणगी पडते आणि रुईबरोबर हवेच्या ओढीने पालाहाऊसपर्यंत (प्रेसच्या आधी रुई साठवायच्या खोलीपर्यंत) जाते. अशा वेळी आधी फीड आणि रुई ओढणारा फॅन बंद करायचा. फॅन चालू ठेवून पाणी मारलं तर आग पुढे पळते. आणि पालाहाऊस विझलं म्हणून काम संपत नाही. ठिणगी दिसायच्या आधी प्रेस झालेल्या शेवटच्या गाठींत आतल्या आत धुमसणारा तंतू असू शकतो. गाठ इतकी घट्ट की बाहेरून काही कळत नाही, आणि काही दिवसांनी गोदामात पेट घेते. त्या गाठी बाजूला, उघड्यावर, इतर मालापासून लांब काढून ठेवायच्या आणि त्यांचे नंबर लिहायचे. गाडी भरायला उभी असताना ‘या गाठी जाणार नाहीत’ असं मालकाला तोंडावर सांगता येणं हे हेड फिटरचं काम आहे. हे सांगायची हिंमत आणि त्यामागचं कारण, दोन्ही तुमच्याकडे आहे का, हे स्वतःला विचारा.

रोजच्या सुरक्षेबद्दल एवढंच. चालू जिनमध्ये हात घालून चोक काढणारा माणूस कितीही वेगवान असला तरी मी त्याला फिटर म्हणणार नाही. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, मग झाकण. तुमच्या हाताखालचे तुमचं बघूनच शिकतात.

2000 साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेनंतर जुन्या जिनिंगांचं रूप बदललं. ऑटो फीडिंग, कन्व्हेयर, हायड्रॉलिक प्रेस, पॅनेल आले. त्यामुळे नुसत्या नाइफ-रोलरवर हेड फिटर होणं आता अवघड आहे. हायड्रॉलिक सर्किटचा साधा नकाशा वाचता यावा, मोटरचा अँपिअर बघून भार ओळखता यावा. पॅनेल उघडून वायर जोडणं मात्र परवानाधारक वायरमनचंच काम, तो मोह टाळा. आणि सगळ्यांनीच हेड फिटर व्हावं असंही नाही. माणसं सांभाळण्याचा तुम्हाला मनापासून कंटाळा असेल तर प्रेसचा जाणकार किंवा रोलर ग्रूव्हिंगचा जाणकार हीही वरची पायरीच आहे. अशा माणसाला पावसाळ्यात वणी, पांढरकवडा, राळेगावपर्यंतच्या मिल ओव्हरहॉलिंगला बोलावतात.

कागदांकडे थोडक्यात. किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग असतात. तुमच्या पगारपत्रकावर यातला कोणता लिहिलाय ते आजच बघा, कारण ‘हेल्पर’ या नावापेक्षा तो शब्द पैशांशी जास्त बांधलेला आहे. नागपूरला सिरकॉटचं (केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे जिनिंगचंच शिक्षण मिळतं आणि त्यांचं प्रमाणपत्र या धंद्यात ओळखलं जातं. सीझन नसताना जा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये दोन गोष्टी विचारा: अनुभवाच्या जोरावर खासगी उमेदवार म्हणून फिटर ट्रेडची परीक्षा देता येईल का, आणि आधीच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणारी योजना सध्या कोणत्या कामासाठी सुरू आहे. प्रमाणपत्राने पायरी चढत नाही, पण दुसऱ्या मिलच्या दारात, जिथे तुमचं काम कोणी पाहिलेलं नाही, तिथे ते बोलतं.

शेवटी मालकाशी बोलणं. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, पण पाडव्याला जिनिंग आटोपत आलेलं असतं, तेव्हा मागायला जाऊ नका. पोळ्याच्या आगेमागे, ओव्हरहॉलिंग चालू असताना आणि सीझनची माणसं ठरायच्या आधी जा. सोबत एकच कागद न्या, त्यावर वहीतले तीन आकडे: तुमच्या जिनवर सरकीत राहिलेला तंतू, महिन्याला बंद राहिलेले तास, आणि तीन दिवसांत परत आलेली कामं. दुसऱ्या फिटरची निंदा त्या कागदावर नको. ‘मला फिटर करा’ म्हणण्याऐवजी म्हणा, ‘24 पैकी चार जिन पूर्ण माझ्याकडे द्या, डिसेंबरअखेरपर्यंत. सेटिंग मी करीन, नमुने तुम्ही कोणाकडूनही तपासा. आकडे बाकीच्या जिनइतके किंवा बरे आले तर जानेवारीपासून कुशल कामगाराचा पगार आणि पत्रकावर फिटर.’ हे साध्या कागदावर लिहून दोघांची सही घ्या. ते नाही म्हणाले तर कारण विचारा आणि तेही वहीत लिहा. दोन सीझन तेच उत्तर आलं तर तोच कागद शेजारच्या मिलमध्ये दाखवायला मोकळे आहात.

चार जिन मिळाले तर निवडताना जपा. सगळ्यात चांगले चार मागू नका, ते चालतच होते, श्रेय मिळणार नाही. सगळ्यात खराब चारही नकोत, त्यांचा शाफ्ट किंवा गिअर बॉक्सच गेलेला असेल तर सेटिंगने काही हलणार नाही. मागच्या सीझनच्या वहीत मधल्या आकड्यांचे चार घ्या. आणि नव्याने खाचा पाडलेला रोलर नाइफला नीट बसायला थोडा वेळ घेतो, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांचे नमुने लिहा, पण तुलनेत धरायचे नाहीत, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.